ईरथचा दहावा

शुक्रवारी रात्री दीड वाजता ईरथ गेला.
आठवा भाग, शेवटून चौथं मिनिट.
काळ्या तळ्यावरचा तो नावाडी,
चार सीझन ज्यानं मेलेल्यांना पैलतीरी नेलं
आणि एकाकडूनही दमडी घेतली नाही.

मी सदाशिवात, कॉटवर, कानात इयरफोन.
ओरडायची सोय नव्हती,
रूम पार्टनरची सकाळी सहाची शिफ्ट.
उशी चावली.

दोनला कौशिकीचा फोन. "पाहिलंस?"
मग बराच वेळ नुसता श्वास.
मग, "होडी कोण चालवणार आता?"

इरफान बागवाननं मंडईत, लिंबांच्या ढिगामागे बसून
ते मिनिट अकरा वेळा पाहिलं, थांबवत थांबवत.
बुडताना डोळे उघडे आहेत, म्हणाला,
म्हणजे मेला नाही.
ओजस म्हणाला, बजेट मेलं, म्हणून तो मेला.
यावरून दोघं तीन दिवस बोलत नव्हते.

दहावा करायचं कौशिकीनं काढलं.
आम्ही हसलो.
मग मी बोटांवर मोजलं, तर रविवार येत होता.

ओंकारेश्वराला जायची लाज वाटली,
तिथे खरी माणसं असतात, खरी डोकी भादरलेली.
म्हणून झेड ब्रिजच्या खाली, पात्रात,
जलपर्णीच्या वासात पत्रावळ मांडली.
कुकरचा भात, वर दही,
आणि भाजलेलं कणीस, मीठ-लिंबू लावून,
कारण चार सीझनमध्ये ईरथ दुसरं काही खाताना
दिसलाच नाही.

कावळा होता. खांबावर.
बघत होता आणि येत नव्हता.

ओजस म्हणाला, पाचवा सीझन बघू, शप्पथ.
नाही आला.
मी म्हणालो, लेखकाला शिव्या देणार नाही.
मान वळवून त्यानं पाठ खाजवली.
इरफान म्हणाला, आमच्यात हे नसतं,
पण बाबा रे, तू जिवंत आहेस असं मी सगळ्यांना सांगत राहीन.
तरी नाही.

एक काका स्कूटरवरून चालले होते, थांबले.
हेल्मेट काढलं. "कोण गेलं?"
कुणाला उत्तर सुचेना.
कौशिकी म्हणाली, "नावाडी होते."
"वय?"
"नऊशे," ओजस बोलून गेला.
काकांनी ते नव्वद ऐकलं असावं.
"म्हणजे सोनं झालं," म्हणाले,
"दर्भाचा कावळा करा आणि शिववा,
किती वेळ थांबणार? ऊन वाढतंय."
हात जोडून, किक मारून गेले.

दर्भ कुठे मिळतो यावर आमची जुंपली.
ओजस फोनवर शोधत होता, इरफान त्याला रेंजवरून हसत होता,
आणि कौशिकी पत्रावळीशी उकिडवी बसून
हळूच, आमच्याकडे न बघता, म्हणाली,
"बाबांना तूच नेलंस, असं मी धरून चालले होते.
आम्हाला बॅग उघडू दिली नव्हती.
नंबर होता नुसता."

पहिला सीझन तिनं त्याच मे महिन्यात पाहिला होता.
आठ भाग, दोन रात्रीत.
हे मला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं.

फडफड ऐकून वळलो तेव्हा
कणसाचे दाणे उडालेले, भात विस्कटलेला
आणि कावळा पुन्हा खांबावर, चोच पुसत.
नेमकं कुणीच पाहिलं नाही.

डेक्कनपर्यंत तोच वाद:
कुठल्या वाक्याला शिवला?
ओजस म्हणे, शपथेला, उशिरा पोचली इतकंच.
इरफान म्हणे, लिंबाला, माल आपला होता.
मी काहीतरी थिअरी मांडली, आता आठवत नाही.

कौशिकी माझ्या मागे बसली होती.
अलकाच्या सिग्नलला तिनं विचारलं,
"डोळे उघडे होते ना रे त्याचे?"
साठ सेकंद होते. मी आकडे बघत राहिलो.
बारावर आल्यावर म्हणालो, "होते."